बायोचार टाकला आणि पीक पिवळं पडलं: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

पावसाळा लागून महिना-सव्वा महिना झाला की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. हिंगणा, काटोल, कुही, उमरेडकडचे शेतकरी असतात, नागपुरातले गच्चीवर भाजी लावणारेही असतात. बोलणं साधारण असं: "भाऊ, बायोचार टाकला, अन् जिथं टाकला तिथलंच पीक मागं राहिलं. बाजूचं बघा कसं हिरवंगार आहे."

बायोचार म्हणजे मातीत टाकण्यासाठी काड्या किंवा लाकूड कमी हवेत जाळून केलेला कोळसा. मी पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांचा, असा कोळसा करतो, इतरांना करायला शिकवतो, आणि हा बिघाड बऱ्याच वावरांत दुरुस्त केला आहे. बहुतेक ठिकाणी वावर बिघडलेलं नसतं. कच्चा, कोरडा, राखेसकटचा कोळसा थेट मातीत गेलेला असतो आणि त्यामुळे मातीतल्या जिवाणूंचं गणित काही आठवड्यांसाठी उलटलेलं असतं. पण काही ठिकाणी कारण अगदी वेगळं निघतं, आणि तिथे कोळशावर उपाय करत बसलं तर हंगाम जातो. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटात किंवा दहा-वीस रुपयांत होणाऱ्या तपासण्या, मग वेळ लागणाऱ्या, शेवटी प्रयोगशाळा.

लक्षणं

यातलं एक दिसेल किंवा तीन-चार एकत्र दिसतील.

- पेरणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालची, जुनी पानं फिकट पिवळी. वाढ थांबल्यासारखी.
- उलट प्रकार: शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. सोयाबीन, भुईमूग आणि संत्र्यात हे जास्त दिसतं.
- कपाशीत लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, नेहमीपेक्षा लवकर.
- सोयाबीन किंवा तूर उपटली तर मुळांवर गाठी कमी, किंवा गाठी आहेत पण आतून पांढऱ्या.
- कुंडीत बी उगवत नाही, उगवलं तर पानांची टोकं करपतात. मातीवर पांढरी पापडी.
- गांडुळं त्या पट्ट्यातून निघून गेलेली.
- मागच्या वर्षीचं शेणखत न कुजता तसंच हाताला लागतं.
- पेरणीनंतर लगेच मारलेल्या तणनाशकाचा परिणामच झाला नाही. हे लक्षण लोक कोळशाशी जोडतच नाहीत, पण संबंध असतो. खाली सांगतो.

आत काय होतं

हे समजून घेतलं तर पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळेल. घाई असेल तर थेट पहिल्या तपासणीकडे जा, पण नंतर परत येऊन वाचा.

नवा माठ आणला की सुरुवातीला पाणी तो स्वतःच पितो. कोरा कोळसाही तसाच. भट्टीतून निघालेल्या कोळशाची छिद्रं रिकामी असतात. मातीत गेल्यावर तो पाणी ओढतो, पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ ओढतो, अमोनियमही काही प्रमाणात धरून ठेवतो. जिवाणूंना आणि पिकाला जे मिळायचं त्यातलं काही आधी कोळशात मुरतं.

दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते. पीक पिवळं आहे म्हणजे जिवाणू मेले, असं ते समजतात. अनेकदा तेव्हाच जिवाणूंची संख्या वाढलेली असते. कमी आचेवर झालेल्या कोळशात सहज कुजणारा थोडा कर्ब, म्हणजे कार्बन, शिल्लक राहतो. तो मिळाला की जिवाणू झपाट्यानं वाढतात. त्यांच्या शरीरात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ८ ला १ असतं. कर्ब कोळशातून मिळाला, नत्र कुठून आणणार? मातीतून. पिकाच्या मुळापेक्षा जिवाणू नत्र उचलण्यात फार चपळ असतात. त्यामुळे नत्र मातीतून गेलेला नसतो, जिवाणूंच्या शरीरात अडकलेला असतो. तो सोपा कर्ब संपला की जिवाणू मरतात आणि नत्र पुन्हा मोकळा होतो. पण तोवर सोयाबीन फुलावर आलेलं असतं.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. नागपूर जिल्ह्यातल्या बहुतेक काळ्या मातीचा सामू, म्हणजे परीक्षणाच्या कागदावरचा पीएच, ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. खाली चुनखडी असते. कोळशाचा स्वतःचा सामू बहुधा ८ ते १० असतो, राख जास्त असेल तर आणखी वर. मोबाइलवर ज्या व्हिडिओत कोळसा टाकताच पीक दुप्पट झालेलं दाखवतात, ते बहुधा आम्ल जमिनींतले असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली प्रसिद्ध काळी माती, जिला टेरा प्रेटा म्हणतात, ती मुळात आम्ल जमिनीतच तयार झाली. कोकणातल्या जांभ्या मातीत कोळशाची राख चुन्यासारखं काम करते आणि फायदा चटकन दिसतो. आपल्या मातीत चुना आधीच भरपूर आहे. वरून आणखी सामू वाढवला की लोह, जस्त, स्फुरद अडकतात आणि युरिया टाकला तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो.

मग आपल्याकडे कोळसा वापरायचाच कशाला? कारण तयार करून टाकलेला कोळसा जिवाणूंना खरोखर मदत करतो. लाकडाच्या मूळ नळ्यांमधून राहिलेली मोठी छिद्रं काही मायक्रॉनपासून कित्येक दहा मायक्रॉनपर्यंतची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा, बुरशीचा धागा २ ते १० मायक्रॉन जाड. दोन्ही आत शिरतात. जिवाणू खाणारे मोठे आदिजीव आणि सूत्रकृमी लहान छिद्रात शिरू शकत नाहीत. पावसाचा ताण पडला तरी त्या छिद्रांत ओलावा टिकतो. जाहिरातीत कोळशाच्या एका ग्रॅमचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर सांगतात, ते मात्र मुख्यतः इतक्या बारीक छिद्रांचं असतं की त्यात एकही जिवाणू मावत नाही. तो आकडा बघून कोळसा विकत घेऊ नका.

तपासणी १: कोळसा नसलेल्या जागेशी तुलना (फुकट)

एकाच पिकाचा, एकाच दिवशी पेरलेला, कोळसा न टाकलेला भाग शोधा. शेजारची चार तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, किंवा धुऱ्याकडचा (बांधाकडचा) कोपरा चालेल. तिथलंही पीक पिवळं असेल तर कोळशाचा पिच्छा सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये भारी काळ्या जमिनीत पाणी साचून पीक पिवळं पडणं हे कोळशापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. वीतभर खोल खड्डा करा. आत पाणी झिरपलं किंवा माती सडक्या वासाची लागली तर मुळांना हवा नाही. अशा मातीत हवेशिवाय जगणारे जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. उपाय चर काढून पाणी बाहेर काढणं हा आहे.

कपाशी उघडीपीनंतरच्या जोराच्या पावसानं एक-दोन दिवसांत एकदम मलूल झाली असेल तर ती आकस्मिक मर आहे. त्यातही कोळशाचा हात नाही.

तपासणी २: कोणतं पान पिवळं (फुकट)

या एका निरीक्षणावर पुढचा अर्धा निर्णय अवलंबून आहे, म्हणून झाडाजवळ बसून बघा.

नत्र झाडात फिरता असतो. कमी पडला की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह फिरत नाही, म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. जस्त कमी पडलं की संत्र्याची नवी पानं लहान, अरुंद आणि शिरांमध्ये ठिपक्याठिपक्यांनी पिवळी होतात.

खात्री करायला छोटी फवारणी पुरते. खालची पानं पिवळी असतील तर दहा-वीस झाडांवर २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, संध्याकाळी फवारा. आठवड्याभरात हिरवेपणा आला तर नत्र अडकलं आहे. वरची पानं पिवळी असतील तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा. नवी पानं हिरवी झाली तर सामू चढला आहे. दोन्ही फवारण्या एकाच झाडांवर करू नका, नाहीतर कशानं गुण आला ते कळणार नाही.

लवकर आलेल्या लाल्याच्या बाबतीत नत्राबरोबर मॅग्नेशियमही कमी असू शकतं. तिथे २ टक्के युरियाची फवारणी आणि वेगळी १ टक्का मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी देतात.

तपासणी ३: टाकलं ते बायोचारच आहे का (फुकट)

विकत आणलेल्या पोत्याच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका. आपल्या भागात काळ्या भुकटीचे प्रकार फार आहेत. मौदा, रामटेक आणि पुढे भंडाऱ्याकडे भात गिरण्या आहेत. त्यांच्या बॉयलरमधून निघालेली तुसाची काळी-करडी राख "बायोचार" म्हणून फिरताना मी पाहिली आहे. त्यात सिलिका भरपूर, कर्ब थोडा. उमरेड, कामठीकडे दगडी कोळसा निघतो, त्याचा चुराही कधी पोत्यात येतो. औष्णिक वीज केंद्राची उडती राख हा आणखी वेगळा पदार्थ.

खरा बायोचार हातात हलका लागतो आणि तुकड्यात लाकडाची, काडीची रचना दिसते. पऱ्हाटीच्या तुकड्यात मधला भेंड आणि सालीची रेघ ओळखू येते. कडक पृष्ठभागावर टाकला की टणटण वाजतो. करडी पावडर आणि एकही ओळखीचा तुकडा नाही, तर ती राख समजा. दगडी कोळसा जड असतो आणि त्यात काडीची रचना नसते.

तपासणी ४: बोट, नाक आणि पाणी (फुकट)

उरलेला कोळसा थोडा ओला करून बोटांत चोळा आणि नुसत्या पाण्यानं हात धुवा. सहज निघाला तर बरा. तेलकट डाग राहिला, साबण लागला, किंवा ओल्या धुराचा कडवट वास आला, तर त्यात डांबरासारखे पदार्थ शिल्लक आहेत. भट्टी पुरेशी तापली नाही किंवा ओलं लाकूड घातलं की असं होतं. हे पदार्थ थोड्या जिवाणूंना खाद्य होतात, बाकीच्यांना आणि कोवळ्या मुळांना जाच. असा कोळसा परत भट्टीत घालून पूर्ण तापवून घ्यायचा. मातीत गेलेलाच असेल तर भरपूर शेणखत आणि वेळ, दुसरा इलाज नाही.

मग मूठभर कोरडा कोळसा पाण्यात टाका. सुरुवातीला तो तरंगतोच. दोन दिवसांनीही सगळा तरंगत असेल तर तो पाणी धरत नाही, आणि ज्या छिद्रात पाणी नाही तिथे जिवाणू राहू शकत नाही. गांडुळं पळण्याचं एक मोठं कारणही हेच. कोरड्या कोळशात त्यांच्या कातडीचा ओलावा जातो. तोच कोळसा आधी भिजवून दिला तर बहुधा ती परत येतात.

तपासणी ५: राख किती आहे (दहा-वीस रुपये)

वाटीत चमचाभर कोळसा घ्या आणि पांढरा व्हिनेगर ओता. फेस आला की राखेतले कार्बोनेट बोलले. जितका फेस जास्त, तितकी राख जास्त. ही परीक्षा मातीत न मिसळलेल्या कोळशावर करा, कारण आपली चुनखडीची मातीही फेसाळते आणि मग काहीच अर्थ लागत नाही.

राख येते कुठून? उघड्या खड्ड्यात पऱ्हाट्या जाळताना विझवायला उशीर झाला की वरचा थर जळून राख होतो. ज्वाळा बसू लागल्या आणि निखाऱ्यांवर पांढरा थर धरू लागला की लगेच भरपूर पाणी मारून विझवायचं. पाण्यानं विझवलेल्या कोळशातली विद्राव्य राख बरीचशी धुतली जाते. मातीनं दाबून विझवला तर ती आतच राहते.

सामूपट्टी मिळाली तर आणखी नेमकं कळतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. एक भाग कोळसा, दहा भाग शुद्ध पाणी, हलवून तासभर ठेवा, वरच्या निवळीत पट्टी बुडवा. ९ च्या वर गेलं तर तो कोळसा कच्चा टाकायचाच नाही. पोतं टाकीत दोन-तीनदा भिजवून निथळवा आणि ते पाणी पिकाच्या मुळाशी ओतू नका. कुंडीतली पांढरी पापडी आणि करपलेली टोकं हा याच क्षारांचा परिणाम असतो. तिथे कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी भरपूर वाहून जाईल असं दोनदा सिंचन केलं की बहुधा सुटका होते.

तपासणी ६: किती टाकला (फुकट, फक्त हिशेब)

एका चौरस मीटरला १ किलो म्हणजे एकरी ४ टन. घमेल्यानं अंदाजे टाकताना हात सैल सुटतो आणि छोट्या वाफ्यात एकरी २०-३० टनांचा दर सहज होऊन जातो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत मी सुरुवात एकरी एक-दीड टन, तोही मुरवलेला आणि फक्त तासात, अशी करायला सांगतो. १५ लिटरच्या कुंडीत पाऊण लिटर, म्हणजे ५ टक्के, पुरे. निम्मी कुंडी कोळशानं भरलेली असेल तर पुढची तपासणी सोडा आणि कुंडी बदला.

शेतात जास्त गेला असेल तर परत काढता येत नाही, हे आधीच मनाशी धरून चला. चांगल्या कोळशाचा मोठा भाग मातीत शेकडो वर्षं टिकतो. म्हणूनच पहिल्या वर्षी पूर्ण वावरात नव्हे, दोन पट्ट्यांत टाका आणि मधला पट्टा मुद्दाम कोरा ठेवा.

तपासणी ७: त्यासोबत काय काय टाकलं (फुकट)

तणनाशक, जिवाणू खत, युरिया, प्रत्येकाची तारीख आठवून लिहा.

उगवणीपूर्वीची तणनाशकं मातीच्या वरच्या थरात राहून काम करतात. ताजा कोळसा त्यांना घट्ट धरतो आणि तण मोकळं वाढतं. पेंडीमेथॅलिनसारख्या तणनाशकाचा डोस वाढवणं हा उपाय नाही. त्या पट्ट्यात डवरणी (कोळपणी) आणि निंदण करा. पुढच्या वेळी कोळसा तणनाशकाच्या थरात न ठेवता खाली तासात जाऊ द्या.

रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर (दोन्ही नत्र बांधणारे जिवाणू), स्फुरद विरघळवणारे जिवाणू किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कोरड्या, ताज्या, राखेच्या कोळशावर शिंपडले तर पैसे वाया. तिथला सामू आणि कोरडेपणा त्यांना झेपत नाही. तोच कोळसा शेणखतात मुरवून, गार, ओला आणि सामू उतरलेला असेल तर तो याच जिवाणूंचा चांगला वाहक होतो. युरियाचं वर सांगितलंच. ताज्या कोळशाबरोबर वरच्यावर फेकलेला युरिया म्हणजे हवेला दिलेला नत्र.

तपासणी ८: मुळावरच्या गाठी (फुकट)

सोयाबीन ३० ते ४५ दिवसांचं असताना पट्ट्यातली आणि पट्ट्याबाहेरची पाच-पाच झाडं फावड्यानं मातीसकट उचला. ओढून काढू नका, गाठी मातीतच राहतात. पाण्यात हलक्या हातानं धुवा. गाठ नखानं कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

नत्र थोडं अडकलं तर शेंगवर्गीय पिकाला खरं तर गाठी जास्त धरायला हव्यात, कारण मातीतला नत्र कमी असला की झाड रायझोबियमला जवळ करतं. कोळशाच्या पट्ट्यात गाठी चांगल्या आणि पानं थोडी फिकी, असं दिसलं तर घाबरू नका, पीक सावरेल. गाठीही नाहीत आणि पानंही पिवळी, असं असेल तर कारण सामू, क्षार किंवा डांबर यांपैकी आहे. चौथ्या आणि पाचव्या तपासणीकडे परत जा.

तपासणी ९: मूग आणि गांडूळ (थोडा वेळ लागतो)

दोन ताटल्यांत सारखी माती घ्या, एकीत तुमच्या दरानं कोळसा मिसळा. दोन्हीत २०-२० मुगाचे दाणे. पाच दिवसांत दोन्हीकडे उगवण सारखी आली तर विषारीपणा नाही. कोळशाच्या ताटलीत चार-पाच दाणेच उगवले तर तो कोळसा शेतात नेऊ नका. नवा कोळसा विकत घेण्याआधी मी हीच परीक्षा करतो.

गांडुळांसाठी एका टबात मध्ये पुठ्ठा लावून एकीकडे साधी ओली माती, दुसरीकडे कोळशाची ओली माती. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडा, वर झाकण. ४८ तासांनी मोजा. सगळी एका बाजूला गेली तर उत्तर मिळालं.

तपासणी १०: सुती कापड (एक-दीड महिना)

जिवाणूंचं काम डोळ्यांनी बघायची ही सगळ्यात भरवशाची घरगुती पद्धत आहे, आणि कपाशीच्या मुलखात तिच्यासाठी वेगळा खर्च नाही. शुद्ध सुती, न रंगवलेलं कापड घ्या. पॉलिएस्टरची मिसळ असेल तर ते कुजणारच नाही. सारखे तुकडे कापा. कोळशाच्या पट्ट्यात दोन, बाहेर दोन, वीतभर खोलीपर्यंत उभे पुरा आणि काडीनं खूण करा. ओल असताना, म्हणजे पावसाळ्यात किंवा ओलिताच्या वावरातच करा. एप्रिल-मेच्या भेगाळलेल्या जमिनीत जिवाणू झोपलेलेच असतात.

पाच-सहा आठवड्यांनी काढा. सुती धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यात नत्र नसतं. तो खाण्यासाठी जिवाणू आणि बुरशीला नत्र मातीतून लागतं. म्हणून कोळशाच्या पट्ट्यातला तुकडा जवळपास साबूत आणि बाहेरचा जाळीदार झाला असेल तर तिथे नत्राची किंवा ओलाव्याची टंचाई आहे. या दोन्हींत भेद करायला पुरतानाच एक जादा तुकडा कोळशाच्या पट्ट्यात मूठभर कुजलेल्या शेणखतासोबत पुरून ठेवा. तो कुजला आणि बाकीचे नाही, तर नत्र हेच कारण धरून चला. दोन्हीकडे सारखंच कुजलं असेल तर जिवाणू ठीक आहेत आणि पिकाचा दोष दुसरीकडे शोधायचा.

तपासणी ११: माती परीक्षण (पैसे लागतात)

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तरच. पट्ट्यातला आणि बाहेरचा असे दोन वेगळे नमुने द्या. एकच नमुना दिला तर तुलना होत नाही आणि पैसे वाया जातात. इंग्रजी व्ही आकाराचा १५-२० सेंटिमीटर खड्डा, आठ-दहा जागांची माती एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो शिल्लक. धुरा, झाडाची सावली आणि खताच्या ढिगाची जागा टाळा.

सामू, क्षारता, उपलब्ध नत्र, लोह आणि जस्त हे आकडे बघा. सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. प्रयोगशाळेत कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कोळशाचा कर्ब काही प्रमाणातच मोजला जातो. त्यामुळे तो आकडा थोडा वाढलेला दिसतो, पण त्यातून ना कोळसा नीट कळतो ना जिवाणूंना खायला मिळणारा कर्ब. "कर्ब वाढला, आता शेणखत नको" असा निष्कर्ष काढून खत बंद केलेले लोक मला भेटले आहेत. कोळसा जिवाणूंचं अन्न नाही. शेणखत, पाला, कुटार (मळणीनंतरचा भुसा) हे अन्न आहे.

दुरुस्ती

उभ्या पिकात: नत्र अडकलं असेल तर युरियाची फवारणी आणि तासात कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. लोह अडकलं असेल तर फेरस सल्फेटची फवारणी, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. संत्र्याला जमिनीतून लोह द्यायचं असेल तर साधं फेरस सल्फेट चुनखडीत लगेच अडकतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे चुनखडीत अडकू नये म्हणून बांधलेलं, लोह लागतं आणि ते महाग आहे. जिप्सम टाकून सामू उतरेल ही समजूत सोडा. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीसाठी आहे.

पुढच्या हंगामासाठी कोळसा मुरवा. सगळ्यात चांगली रीत म्हणजे खताचा ढीग रचतानाच त्यात आकारमानानं दहावा हिस्सा भिजवलेला कोळसा थरांत घालणं. ढीग तापतो, कुजतो, आणि त्या काळात कोळशाच्या छिद्रांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर चढतो. नायट्रेट त्यातच धरून राहतं. तेवढा वेळ नसेल तर जीवामृत करा: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दीड-दोन किलो गूळ, तितकंच बेसन, बांधावरची मूठभर माती. त्यात कोळसा पूर्ण भिजवून सावलीत ढीग करा, गोणपाट झाका, तीन-चार आठवडे ओलसर ठेवा आणि आठवड्याला एकदा उलथा. पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास यायला लागला आणि अमोनियाचा झणका गेला की तयार. मे महिन्यातल्या उन्हात ढीग दोन दिवसांत खडखडीत वाळतो, म्हणून हे काम मार्चपूर्वी किंवा झाडाखाली करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

संत्र्याच्या खोडातून डिंक येतोय, साल कुजलेली आहे, शेंड्याकडून फांद्या वाळताहेत. ही फायटोफ्थोरा या मूळ-खोड कुजवणाऱ्या रोगाची लक्षणं आहेत. पानं पिवळी आहेत म्हणून लोह फवारत बसाल तर झाड जाईल. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मुळांचा आणि मुळाजवळच्या मातीचा नमुना घेऊन जा.

सामू ८.५ च्या वर, पाणी दिवसेंदिवस जिरत नाही, माती वाळल्यावर दगडासारखी होते. जमीन चोपण असू शकते. कोळसा टाकणं ताबडतोब बंद करा. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातल्या मृदशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. सोडियमचं प्रमाण मोजल्याशिवाय जिप्समचा हिशेब लागत नाही.

कोळसा ज्या ड्रममध्ये केला त्यात आधी कीटकनाशक किंवा रसायन होतं, किंवा जळणात रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक होतं. त्या वाफ्यातली भाजी खाऊ नका आणि जनावरांना चारू नका. जड धातू आणि धुरातले घातक संयुगं वासानं किंवा व्हिनेगरनं कळत नाहीत, त्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच लागते.

जिवाणूंची संख्या, विकरांची (एन्झाइमची) क्रियाशीलता अशा चाचण्या स्वतःच्या खर्चानं बाहेर करून घेऊ नका. कोळसा या चाचणीतली रसायनं आणि रंगही धरून ठेवतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. ज्या संशोधकाला ही अडचण माहीत आहे त्याच्याकडूनच ती करून घ्यावी.

साठवलेला ताजा कोळसा रात्री गरम लागतोय किंवा धूर येतोय. आतून विझलेला नाही. घरात, गोठ्यात किंवा बंद खोलीत ठेवू नका, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. उघड्यावर पसरून पाणी मारा. आगीनं पकड घेतली असेल तर १०१ ला फोन करा.

आणि वरचे सगळे उपाय करून पुढच्या हंगामातही तोच पट्टा मागं राहिला, तर दोन्ही पट्ट्यांचे माती अहवाल, कोळसा कशाचा आणि किती टाकला त्याची नोंद, आणि पानांचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. एवढं सोबत असलं की तिथल्या माणसाला पहिल्याच भेटीत काहीतरी नेमकं सांगता येतं.